सहीचा बेसबॉल, त्याची किंमत आणि माझं फसलेलं मॉडेल

गेल्या महिन्यात न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा रात्री उशिरा मेसेज आला. सोबत तीन फोटो. पहिल्यात पांढरा, जरासा पिवळट पडलेला बेसबॉल आणि त्यावर निळ्या शाईत मिकी मँटलची सही. दुसऱ्यात चेंडूची मागची बाजू. तिसऱ्यात सोनेरी किनारीचं एक सर्टिफिकेट, ज्या कंपनीचं नाव शोधूनही कुठे सापडत नाही असं. दादाने घराजवळच्या एका गराज सेलमध्ये तो जुन्या डब्यासकट उचलला होता. खाली एकच ओळ: "तू डेटाचं काम करतेस ना, मग सांग बघू, किती येतील याचे?"

मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून आता पीएचडी करतेय. बेसबॉलमधलं तोवर काहीही माहीत नव्हतं. पण प्रश्न बघितल्यावर हात शिवशिवले, कारण हा तर पाठ्यपुस्तकातला प्रश्न आहे! वस्तू आहे, तिचे गुणधर्म आहेत, पूर्वीच्या विक्रीच्या किमती आहेत. लावा रिग्रेशन. शनिवार-रविवार घालवून मी लिलावांचे जाहीर निकाल गोळा केले, मॉडेल बसवलं, आणि आर-स्क्वेअर इतका देखणा आला की मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. मँटलच्या चेंडूला मॉडेलने साधारण ७०० डॉलर सांगितले. मी दादाला तो आकडा कळवूनही टाकला. आजची पोस्ट त्या मॉडेलवर आणि ते ज्या प्राइस गाइडच्या विचारावर उभं होतं त्यावर टीका करण्यासाठी आहे. रिसर्च प्रपोजल लिहायला बसला असाल तर यातली निदान एक चूक तुमच्याही कागदावर असेल. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये दोन होत्या.

आधी वस्तू समजून घेऊ. बेसबॉलचं कातडं पांढरं असतं, म्हणून त्यावर पेनने सही उठून दिसते. लाल टाके दोन ठिकाणी एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात आणि मध्ये अरुंद पट्टी राहते. एका बाजूच्या पट्टीजवळ छापील मजकूर असतो, दुसरी पट्टी कोरी. या कोऱ्या पट्टीला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. एकाच खेळाडूची सही असलेल्या चेंडूवर ती इथेच हवी. तीच सही बाजूच्या कातड्यावर असेल तर किंमत घसरते. सही कुणाची, फिकी की ठसठशीत, बॉलपेनची की दौतीच्या शाईची, चेंडू लीगचा अधिकृत की दुकानातला खेळण्याचा, 'प्रिय जॉनीस' असं काही लिहिलंय का, सगळ्याचा भाव वेगळा. जुन्या काळी लोक सही टिकावी म्हणून चेंडूवर लाखेचं व्हार्निश फासायचे. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं, आणि जपण्यासाठी केलेल्या गोष्टीनेच किंमत उतरवली.

गुणधर्मांच्या गाठोड्यावरून किंमत काढण्याच्या या पद्धतीला हेडॉनिक प्राइसिंग म्हणतात. शेर्विन रोझन यांचा १९७४ चा पेपर त्याचा पाया मानला जातो. घरांच्या किमतीसाठी ही पद्धत सर्रास वापरतात. प्राइस गाइड याचंच घरगुती रूप: डावीकडे खेळाडूचं नाव, वर चेंडूची अवस्था, चौकटीत आकडा. पीएसए/डीएनएसारख्या कंपन्या सहीला आणि चेंडूला १ ते १० गुणही देतात, त्यामुळे सगळं कसं मोजल्यासारखं वाटतं.

आता माझा आर-स्क्वेअर देखणा का आला ते बघा. माझ्या डेटात बेब रूथपासून काल-परवाच्या साध्या खेळाडूंपर्यंत सगळे होते. रूथच्या एकट्याच्या सहीचा एक अतिशय स्वच्छ चेंडू २०१२ मध्ये सुमारे ३ लाख ८८ हजार डॉलरला गेला. साध्या खेळाडूचा चेंडू वीस-तीस डॉलरला मिळतो. म्हणजे किमतीतला फरक दहा हजार पटींचा, आणि त्यातला बहुतेक फरक निव्वळ नावाने समजतो. रूथ महाग आणि बाकीचे स्वस्त, हे सांगायला मॉडेल लागत नाही. दादाचा प्रश्न वेगळा होता: मँटलच्या चेंडूंमधला *हा* चेंडू केवढ्याचा? तिथे माझं मॉडेल जवळजवळ आंधळं होतं. फक्त मँटलचे चेंडू घेऊन पुन्हा चालवलं तर अंदाजाची मर्यादा २५० ते २००० डॉलर निघाली. आर-स्क्वेअर हा तुमच्या नमुन्यात किती विविधता भरली आहे त्याचाही आकडा असतो, हे एमएस्सीला मी स्वतः ज्युनियरना समजावून सांगितलेलं होतं. तरीही स्क्रीनशॉट काढलाच.

दुसरी चूक बेरजेची. गुणधर्मांच्या किमती एकमेकींत मिळवता येतात असं माझ्या मॉडेलने गृहीत धरलं होतं. लॉग घेतला की बेरजेचा गुणाकार होतो एवढंच, स्वभाव तोच. सह्या असं वागत नाहीत. एकट्या रूथच्या स्वच्छ चेंडूवर कुणा फुटकळ खेळाडूने नंतर सही केली तर किंमत वाढत नाही, चक्क कमी होते. उलट उदाहरणही आहे. १२ जून १९३९ ला कूपरस्टाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं. तिथे जमलेल्या रूथ, टाय कॉब, होनस वॅगनर, साय यंग अशा अकरा दिग्गजांच्या सह्या एका चेंडूवर आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सकडून तिथं गेलेल्या मार्व ओवेन या खेळाडूने त्या घेतल्या होत्या. २०१८ मध्ये तो चेंडू सुमारे ६ लाख २३ हजार डॉलरला विकला गेला. अकरा सह्यांच्या अकरा किमती मांडून हा आकडा येणार नाही, कारण विकला गेला तो एक दिवस. आणि तो दिवस माझ्या डेटाच्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

लिलावाच्या किमतीबद्दल थोडक्यात. जाहीर झालेल्या आकड्यात बहुतेकदा खरेदीदाराने लिलावघराला दिलेला प्रीमियमही धरलेला असतो, तो विकणाऱ्याच्या हाती येत नाही. राखीव किमतीपर्यंत बोली न गेलेले चेंडू निकालांच्या यादीत दिसतच नाहीत. मोठ्या लिलावघरांत मुळात निवडक माल जातो. घासलेले, पावसात भिजलेले, मुलांनी खेळून खराब केलेले चेंडू कुठल्या तरी माळ्यावर किंवा गराज सेलमध्ये असतात. हा साधा सिलेक्शन बायस झाला. आणि एक गमतीची गोष्ट: बोली चढत जाणाऱ्या लिलावात अंतिम किंमत ठरवतो तो हरलेला माणूस. दोन नंबरचा जिथे थांबला, त्याच्या एक पायरी वर सौदा तुटतो. त्या दिवशी तो दोन नंबरचा आजारी असता तर प्राइस गाइडमधला आकडा वेगळा दिसला असता.

पण हे सगळं दुरुस्त करण्यासारखं आहे. हेकमनची दुरुस्ती लावा, इंटरॅक्शन टर्म घाला, प्रीमियम वजा करा. माझ्या मॉडेलची खरी चूक यातली नव्हतीच. ती अशी की मी गृहीत धरलं, सही खरी आहे. प्राइस गाइडही तेच धरतो. चौकटीतल्या प्रत्येक आकड्यामागे एक अदृश्य 'जर' आहे: *जर* सही खरी असेल तर.

हा 'जर' किती मोठा आहे ते १९९० च्या दशकात अमेरिकेत कळलं. एफबीआयने सॅन दिएगोहून 'ऑपरेशन बुलपेन' नावाचा तपास चालवला. खेळाडूंच्या खोट्या सह्या करणारी अख्खी साखळी पकडली: सही करणारा वेगळा, चेंडू पुरवणारा वेगळा, सर्टिफिकेट छापणारा वेगळा, दुकानांत माल पोचवणारा वेगळा. सॅन दिएगो पाद्रेसचा टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाचा खोट्या सहीचा माल दिसला होता. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा निघाला! बाजारातला किती माल खोटा, याचे त्या काळातले अंदाज अर्ध्यापासून ते ९० टक्क्यांपर्यंत होते. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. हा अंदाज कुणाला धड करताच येत नव्हता, हेच त्यातून कळतं.

आणि खोटारडे फक्त लबाडांतच असतात असंही नाही. संघाच्या चेंडूंचा ढीग सहीसाठी आला की एखाद्या ताऱ्याच्या नावाने ड्रेसिंग रूममधला नोकरच सही ठोकून द्यायचा. ही पद्धत इतकी रुळलेली की 'क्लबहाउस सही' असा वेगळा शब्दच आहे. अशा चेंडूची हकिकत अगदी खरी असते. आजोबांना तो खरोखर संघाकडून मिळालेला असतो, घरातले शपथेवर सांगतात, आणि तरी सही खोटी.

मग शास्त्र काय करतं? चेंडू स्वतः काही साक्ष देतो. लीगच्या अधिकृत चेंडूवर त्या वेळच्या लीग अध्यक्षाची सही छापलेली असायची. जो क्रोनिन १९५९ मध्ये अमेरिकन लीगचा अध्यक्ष झाला, बेब रूथ १९४८ मध्ये वारला. तेव्हा क्रोनिनचा छाप असलेल्या चेंडूवर रूथची सही सापडली तर पुढे बघायची गरजच नाही. बॉलपेन अमेरिकेत दुकानात विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, लू गेहरिग गेला १९४१ मध्ये. बॉलपेनमधला गेहरिग म्हणजे खोटा गेहरिग. पण या पुराव्याची दिशा लक्षात घ्या. तो फक्त खोडून काढू शकतो, सिद्ध करू शकत नाही. हुशार माणूस जुना चेंडू मिळवतो, जुनी शाई मिळवतो, आणि चाचणी पार होते. दादाच्या चेंडूवर बॉबी ब्राउनचा छाप होता, म्हणजे १९८४ ते १९९४ मधला. मँटल १९९५ मध्ये वारला. काळ जुळतो. पण तो खोटं करणाऱ्यालाही जुळवता आला असताच.

उरतो तज्ज्ञ. सही बघून मत देणारा. इथे मला ऑथेंटिकेशन कंपन्यांबद्दल तक्रार नाही, त्या आपण देतो ते 'मत' आहे असंच म्हणतात. तक्रार आहे ती या मताला आपण डेटात 'खरी बरोबर १, खोटी बरोबर ०' असं लिहून टाकतो त्याबद्दल. रूथ परत येऊन सांगणार नाही की ही माझी. ज्या जुन्या सह्या 'नक्की खऱ्या' म्हणून तुलनेला घेतात त्याही बाजारातून आलेल्या असू शकतात. त्यात एखादी खोटी शिरली तर ती पुढच्या खोट्यांना पास करत राहील. मशीन लर्निंगवाल्यांनो, तुमचं लेबलच कुणाचं तरी मत असेल तर टेस्ट सेटवरची अचूकता म्हणजे त्या मताशी झालेली सहमती, एवढंच.

एक हिशोब करून बघू. आकडे माझे, कल्पित. समजा तज्ज्ञ खऱ्या सहीतल्या ९५ टक्के पास करतो आणि खोट्यातल्या १० टक्के चुकून पास करतो. चांगला तज्ज्ञ आहे. त्याच्याकडे १००० चेंडू आले, निम्मे खरे. पास होतील ४७५ खरे आणि ५० खोटे. म्हणजे सर्टिफिकेट मिळालेल्या दहातला जेमतेम एक खोटा. आता तोच तज्ज्ञ, तेच डोळे, पण चेंडू अशा ठिकाणाहून आले जिथे ९० टक्के खोटे. पास होतील ९५ खरे आणि ९० खोटे. सर्टिफिकेट तेच, होलोग्राम तोच, आणि जवळजवळ निम्मा माल खोटा.

बेज प्रमेय तुम्ही शिकलेला आहात, त्यामुळे हिशोबात नवीन काही नाही. पण याचा किमतीवर होणारा परिणाम मला आधी सुचला नव्हता. सर्टिफिकेटची किंमत सर्टिफिकेटात नसते, चेंडू कुठून आला यावर ती हलते. आणि 'कुठून आला' हा रकाना प्राइस गाइडमध्ये नाही. बुलपेननंतर मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वतःची योजना सुरू केली, तिच्यात हीच गोष्ट पकडली आहे. तिथला माणूस, जो बहुधा आजी किंवा माजी पोलीस असतो, सही होताना समोर हजर असतो आणि तिथल्या तिथे क्रमांकाचा होलोग्राम लावतो. सही नंतर बघून मत देण्यापेक्षा होताना बघणं. प्रयोगशाळेत आपण करतो तेच, नमुना घेतानाच लेबल. फक्त ही सोय मागे जाऊन लावता येत नाही. रूथला नाही, मँटललाही नाही.

या सगळ्या वाचनात मला मनापासून आवडलेलं काम सह्यांवरचं नाही, बेसबॉलच्या पत्त्यांवरचं आहे. जिंजर जिन आणि अँड्र्यू काटो यांचा २००६ चा पेपर. इंटरनेटवर विकणारे आपल्या पत्त्याची अवस्था उत्तम आहे असा दावा करतात, त्यात किती तथ्य? हा प्रश्न नुसत्या विक्रीच्या आकड्यांवरून सोडवता येत नाही. म्हणून त्यांनी पत्ते स्वतः विकत घेतले आणि व्यावसायिक ग्रेडिंग करून घेतलं. मोठे दावे करणाऱ्यांना लोक जास्त पैसे देत होते, पण मिळणारा पत्ता काही जास्त चांगला नव्हता. उलट त्यांच्याकडून फसगतच जास्त होत होती. म्हणजे जास्त किंमत आहे म्हणून माल जास्त चांगला, हे वाक्यच त्या बाजारात पडलं. आणि माझं मॉडेल अशाच किमतींवर शिकलं होतं. या पेपरमध्ये गणित अवघड नाही, खिशात हात घालून डेटा तयार केलाय. तुमच्या गाइडने 'डेटा आहे ना, मग मॉडेल लाव' असं म्हटलं की हा पेपर पुढे करा. (गाइडचा मूड बघून.)

आता दादाचा चेंडू. मी दुसऱ्यांदा हिशोब केला तेव्हा मॉडेल बाजूला ठेवलं. समजा खरा ठरला आणि ७०० ला गेला, तर कमिशन जाऊन दादाच्या हातात येतील ५६० च्या आसपास. तपासणीची फी, विमा, टपाल मिळून धरा १५०. खरा असण्याची शक्यता निम्मी असेल तर सरासरी २८० येणार, १५० जाणार, पाठवावा. शक्यता पाचात एक असेल तर ११२ येणार आणि १५० जाणार, पाठवू नये. बघा, ७०० चे ८०० झाले तरी दुसऱ्या बाबतीत निर्णय बदलत नाही. माझा अख्खा वीकेंड ज्या आकड्यावर गेला तो निर्णयात दुय्यम होता. जो आकडा निर्णय फिरवतो, त्यासाठी मी एक ओळ कोडसुद्धा लिहिली नव्हती.

म्हणून दादाला फोन केला. म्हटलं, "७०० विसर. ज्यांच्याकडून घेतलास त्यांना जाऊन विचार, हा चेंडू त्यांच्याकडे आला कुठून."

"अगं, पाच डॉलरचा चेंडू घेतला आणि आता चौकशीला जाऊ? काय म्हणतील!"

पण गेला. आजीबाई एकट्याच होत्या, बोलायला कुणी आलं म्हणून खूश. चेंडू त्यांच्या नवऱ्याने मॉलमधल्या एका दुकानातून घेतला होता, मुलाच्या वाढदिवसाला. मँटलला तो कधी भेटला नव्हता. साल आठवत नव्हतं. दादाने घरी येऊन डबा पुन्हा उघडला, तर तळच्या पुठ्ठ्याखाली दुकानाची पावती दुमडलेली. १९९७.

"म्हणजे शून्य?" दादाने विचारलं.

"शून्य नाही. पण पाचात एकसुद्धा धरणार नाही मी. दीडशे डॉलर घालवू नकोस."

चेंडू आता दादाच्या मुलाच्या टेबलावर आहे. पावती मी मागून घेतली, स्कॅन करून. माझ्या डेटाफाइलमध्ये त्या चेंडूच्या ओळीत एक नवा रकाना केलाय आणि बाकी सगळ्या ओळींत तो रिकामा आहे.